सैबेरियाचा काढा

माझे मोठे दीर सिडनीला, कॅसल हिलमध्ये राहतात. आयटीत वरच्या हुद्द्यावर आहेत आणि त्यामुळे जगातलं सगळंच आपल्याला कळतं, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. मी तिथून बरंच लांब, टूवूंबा गावच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. औषधांतलं मला फारसं कळत नाही, हाही त्यांचाच समज.

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर पहिल्याच सकाळी चहाऐवजी माझ्यापुढे कपभर काळं पाणी आलं.

"चागा," भाऊजी म्हणाले. "सैबेरियात बर्चच्या झाडावर वाढणारी बुरशी. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या उकळून पितात. पोट, शुगर, कॅन्सर, सगळ्यावर चालते."

ओट्यावरच्या बरणीत तिचे तुकडे होते, चुलीत अर्धवट जळलेल्या कोळशासारखे. चव भिजलेल्या पाटाची. वहिनींनी माझ्यासाठी आल्याचा चहा टाकला.

"रोज किती पिता?" मी विचारलं.

"दिवसभर. पाण्याऐवजी हेच. नॅचरल आहे गं! आणि बर्च म्हणजे तरी काय? आपला भूर्ज! ऋषीमुनींनी ग्रंथ कशावर लिहिले?"

"लिहिले, भाऊजी. उकळून प्यायले नाहीत."

नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

सासूबाईंनी एकदा फोनवर भाऊजींना शुगरसाठी भिजवलेली मेथी खायला सांगितली होती. तेव्हा "आई, असल्या अडाणी गोष्टींवर माझा विश्वास नाही" म्हणून याच माणसाने फोन ठेवला होता. मेथी अडाणी, कारण ती आईने सांगितली. बुरशी शास्त्रीय, कारण ती जंगलात उभ्या असलेल्या एका उघड्याबंब गोऱ्याने व्हिडिओत सांगितली.

"शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"कमी केल्यात."

"कुणाला विचारून?"

त्यांनी खांदे उडवले. मग मी चेष्टा सोडली आणि नीट समजावून सांगितलं. अळूने घसा खवखवतो तो ज्या ऑक्सलेटमुळे, ते या बुरशीत भरपूर असतं. रोज इतकी पोटात गेली तर त्याचे स्फटिक किडनीत साचू शकतात. अशी किडनी गेलेले पेशंट डॉक्टरांनी पाहिलेत. आपल्याकडे अळूच्या भाजीत चिंच घालण्याएवढी तरी अक्कल आहे. हे लोक काय घालतात?

"फार्मा कंपन्यांचा प्रोपगंडा," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप ओतला.

जूनमध्ये इकडची थंडी पडली आणि एके दुपारी वहिनींचा फोन आला. भाऊजींना कशाचाच वास सहन होत नव्हता, उलट्या होत होत्या, पाय सुजले होते. "ते म्हणतायत, शरीरातलं विष बाहेर पडतंय. डिटॉक्स."

"वहिनी, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला न्या. आणि ती बरणी बरोबर घ्या."

मीही दुसऱ्या दिवशी सिडनीला गेले. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. जरा शांत झाल्यावर त्यांनी आदल्या दिवशीची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना विचारलं, गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काही झाडपाला, हर्बल? भाऊजी म्हणाले, "नो, नथिंग." मरायला टेकले होते, तरी डॉक्टरसमोर सैबेरियाचं नाव घ्यायची लाज वाटली! व्हॉट्सअॅपवर दोनशे लोकांना सांगताना वाटली नव्हती. तेव्हा वहिनींनी पिशवीतून बरणी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ते माझ्याकडे असे बघत होते," वहिनी म्हणाल्या, "जसं काही मीच त्यांना विष घातलंय."

बायोप्सीत किडनीभर स्फटिक निघाले. डायलिसिस सुरू झालं. मशीनला जोडलेला, ओठ कोरडे पडलेला तो माणूस पाहून मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? त्यांचा हात हातात घेऊन मी बसले. मग ते हळूच म्हणाले, "प्रमाण जरा चुकलं असेल," आणि माझा सगळा कळवळा जागच्या जागी विरला.

पुढे हळूहळू डायलिसिस सुटलं. किडनी मात्र पूर्ववत झाली नाही, होणारही नाही. डॉक्टरीणबाईंनी ते स्पष्ट सांगितलं, आणि वहिनींनी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा भाऊजींसमोर वदवून घेतलं.

दिवाळीला आम्ही परत सिडनीत होतो. एका ओळखीच्यांकडे फराळाला पंधरा-वीस मंडळी जमली होती, सगळे शिकलेले, चांगल्या नोकऱ्यांतले. भाऊजी बारीक झाले होते, पण आवाज शाबूत होता. चकली बाजूला सारून ते सगळ्यांना किडनी कशी चालते ते समजावत होते.

"दोष चागाचा नव्हताच," ते म्हणाले. "मला मिळालेला माल भेसळीचा होता."

वहिनी ताट तसंच ठेवून उठल्या आणि बाहेर अंगणात निघून गेल्या. मला वाटलं, आता तरी कुणीतरी हसेल, निदान एखादा तोंडावर सुनावेल. सगळे गंभीरपणे माना डोलवत होते. माझ्या शेजारी बसलेल्या इंजिनिअरने फोन काढला आणि पुढे झुकून विचारलं, "मग ओरिजिनल कुठे मिळेल?"