बेस म्हणजे पाच

इंदापूरच्या एका प्रसूतिगृहात चतुराबाई सव्वीस वर्षं मावशी म्हणून कामाला आहेत. माहेर आणि सासर दोन्ही नरसिंहपूरच्या अंगाला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी, तोही दोनदाच. आपल्याहून वेगळी भाषा त्यांनी जवळून ऐकली ती शायनी सिस्टरांच्या तोंडून. सिस्टर केरळातल्या चंगनाशेरीच्या. एकोणीस वर्षांत त्यांचं मराठी पक्कं झालं, पण धास्ती वाटली की मल्याळमच बाहेर पडायचं. 'पदुक्के' म्हणजे हळू, 'वेगम्' म्हणजे लवकर, एवढं चतुराबाईंना कुणी न शिकवता कळत असे. ती भाषा बोलणारं दुसरं माणूस मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती सिस्टरांची एकटीचीच असावी, असं त्यांच्या मनात कुठंतरी बसलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये भवानीनगरच्या वैदेहीताई सुनेला घेऊन आल्या. सून कझाकस्तानची, नाव साउले. मुलगा केयूर तिकडं डॉक्टरकी शिकायला गेला होता, तिथंच दोघांचं जमलं. साउलेला बाजारहाटापुरतं मराठी येई, नवऱ्याशी ती इंग्रजीत बोले. कळा पंधरा दिवस आधीच सुरू झाल्या आणि केयूर नेमका ड्यूटीवर पुण्याला.

कळा वाढत गेल्या तशी तिची एकेक भाषा गळत गेली. आधी मराठी गेलं, मग इंग्रजी. उरलं ते कझाक. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईच्या सिझेरियनमध्ये अडकलेल्या. श्वास कोंडू नको, सोड, हे सिस्टर दोन भाषांत आणि खुणांनी सांगून थकल्या. साउले डोळे मिटून पुटपुटत होती. मधेच एक शब्द स्पष्ट यायचा, 'बेस'.

तिचा हात धरून बसलेल्या चतुराबाई हरखल्या. "सिस्टर, बेस म्हणतीया ती. बरं वाटतंय तिला."

पण हात वेगळंच सांगत होता. 'बेस' म्हणताना तिची बोटं सगळ्यात घट्ट आवळायची. चतुराबाईंनी नीट कान दिला. दर वेळी त्याआधी तेच चार शब्द यायचे: बिर, येकी, उश, तोर्त. मग बेस. मग पुन्हा बिर. पोरगी श्वास कोंडून मोजत होती. बेस म्हणजे पाच.

चतुराबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं मोजू लागल्या. बिर, आणि स्वतः फूं करून श्वास सोडला. येकी, पुन्हा श्वास. साउलेनं डोळे उघडले. अनोळखी गावात कुणी आपल्याला नावानं हाक मारावी, तशी ती बघत राहिली. मग तिनं श्वास सोडला.

पुढचा तासभर दोघी मोजत राहिल्या. शेवटी बाळाचे ठोके उतरायला लागले आणि सिस्टरांच्या तोंडून निघालं, "वेगम्, मावशी, वेगम्!" चतुराबाईंनी साउलेच्या पाठीला आधार दिला. 'बेस'ला जोर लावायचा, हे त्यांनी स्वतः जोर लावून दाखवलं. तिसऱ्या 'बेस'ला मुलगी झाली. गळ्याभोवती नाळ होती. सिस्टरांनी ती बोटानं सोडवली. क्षणभर काहीच आवाज नाही, आणि मग मुलगी रडली. सिस्टर मल्याळममध्ये देवाचं नाव घेत होत्या, साउले कझाकमध्ये काहीतरी म्हणत होती, आणि मधे उभ्या चतुराबाई दोन्हींकडं कान लावून होत्या.

दुसऱ्या दिवशी केयूर हजर होता. चतुराबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नकाशा दाखवायला सांगितलं. त्यानं फोनवर दाखवला. केरळ म्हणजे अडीच पुणे जिल्हे, त्यात मल्याळम बोलणारी तीन कोटींहून जास्त माणसं. सिस्टर म्हणाल्या की आमच्याकडं एक गाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं ते कळत नाही. घरानंतर घर, मधे नारळ, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. मग केयूरनं बोटानं नकाशा वर सरकवला, आणखी वर सरकवला. कझाकस्तानात जवळपास नऊ महाराष्ट्र बसतील, आणि कझाक बोलणारी माणसं मल्याळमवाल्यांच्या निम्मी. शेजारच्या चीन-मंगोलियातही थोडी पांगलेली.

साउलेनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारीनं पणतीला डोळे भरून पाहिलं आणि मग फोन गोल फिरवून आपलं अंगण दाखवलं. नजर पोचेल तिथवर पिवळं गवत आणि अर्धवट वितळलेलं बर्फ. दुसरं घर कुठंच नाही. शेजार म्हणजे मोटारीनं तासभर.

चतुराबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुमची भाषा एवढ्या दाटीत गुदमरली न्हाय. आन् हिची एवढ्या मोकळ्या रानात सांडून गेली न्हाय. दोन्ही कशा टिकल्या आसतील?"



पुढच्या वर्षी सिस्टर सुट्टीवर निघाल्या तेव्हा चतुराबाईंनी त्यांच्याबरोबर सोलापूरहून गाडी धरली. वाटभर त्या कान लावून बसल्या. चहावाल्यांचं बोलणं बदलत गेलं: कानडी, तेलुगू, तमिळ. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या खिंडीतून गाडी केरळात शिरली, आणि डब्यात चढलेली एक बाई आपल्या पोराला म्हणाली, "पदुक्के."

चतुराबाई चटकन वळल्या. चंगनाशेरीत उतरल्यावर तर त्या फलाटावर थांबूनच राहिल्या. हमाल तेच बोलत होते, भांडणारी पोरं तेच, मासेवालीही तेच. एकोणीस वर्षं एकट्या बाईच्या तोंडून ऐकलेली भाषा सगळ्या गावाच्या तोंडात होती. सिस्टरांनी मागं वळून विचारलं, काय झालं मावशी?

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या जरा."