झाकणावरचं कुंकू

आधी कांबळे मॅडमचं नाव घेतो, बाकीचं मग. त्या आमच्या क्वालिटी लॅबमध्ये आहेत. त्या नसत्या तर मी आज हिंगोलीला, घरी बसलेलो असतो.

निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीत लिव्हरच्या तपासणीची किट बनतात. मी नववीतून शाळा सोडलेला, कंत्राटावरचा हेल्पर. एन्झाइम बाटल्यांत भरायचं काम माझ्याकडं. दसऱ्यानंतरची पहिलीच बॅच फेल गेली. एन्झाइम काम करत असलं की तपासणीच्या मशीनवर रेष खाली उतरते, ती सरळच राहिली. सुपरवायझर पाटील साहेब म्हणाले, "एन्झाइम मेलंय. तूच बर्फाबाहेर ठेवलं असशील. उद्यापासून येऊ नको."

मी ठेवलं नव्हतं. पण कंत्राटवाल्याचं कोण ऐकतं?

मॅडम म्हणाल्या, "थांबा साहेब. मेलंय का नुसतं बसून आहे, ते तर बघू."

मग मलाच विचारलं, आधीच्या कंपनीत एका मशीनचा माल दुसऱ्या मशीनवर कसा जायचा? मी म्हणालो, ट्रॉलीनं.

"एन्झाइम म्हणजे मशीन. को-एन्झाइम ही ट्रॉली. भरून येते, रिकामी होते, परत भरायला जाते. ट्रॉलीच आली नाही तर चांगलं मशीन तरी काय करणार?"

आपल्या अंगातही हेच चालतं म्हणे. खाल्लेल्या अन्नातली ताकद पेशीत अशीच इकडून तिकडं जाते, आणि यातल्या बऱ्याच ट्रॉल्या जीवनसत्त्वांपासून बनतात. जाता जाता मला टोमणाही बसला, की रोज वडापाववर राहिलास तर तुझ्या ट्रॉल्या कुठून येणार.

बोलता बोलता त्यांनी फ्रिजमधून को-एन्झाइमच्या पावडरची बाटली काढली. झाकणावर कुंकू होतं.

मग सगळ्यांनाच आठवलं. खंडेनवमीला आम्ही यंत्रांबरोबर फ्रिजही धुऊन पुजला. एन्झाइम जपून बर्फात ठेवलं. पावडरला काय होतंय, म्हणून ती बाटली दिवसभर टेबलावर, खिडकीच्या उन्हात. आणि टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला कुंकू साहेबांनीच लावलं होतं.

मॅडमनी नवी सीलबंद बाटली उघडली, ती पावडर मी भरलेल्या एन्झाइमबरोबर लावून बघितली. रेष हळूहळू उतरायला लागली. म्हणजे एन्झाइम चांगलंच होतं, उन्हात ती पावडर बिघडली होती. साहेबांनी जुन्या बाटलीच्या झाकणावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. मग म्हणाले, "उद्या वेळेवर ये, भावा."

आता पूजेला फूल यंत्राला, पावडर फ्रिजमध्येच. मॅडमच्या सांगण्यावरून मी बाहेरून दहावीला बसतोय.

मॅडम, तुमचं हे मी कधीतरी फेडीनच. तोवर एवढं करीन, माझ्या हाताखाली कुणी आलं आणि त्याचं काम अडलं, तर त्याला घरी पाठवायच्या आधी ट्रॉली आली होती का, ते बघीन.