नदीपर्यंतचा रस्ता

धरणगावहून लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावात आले, तेव्हाच गाव उतरणीला लागलं होतं. वरच्या अंगाला पूल झाला होता आणि हमरस्ता गावाला बाजूला टाकून निघून गेला होता. त्याआधी पलीकडे जायचं तर आमच्याच घाटावर नावेत बसावं लागे. नावेची वाट बघत बसलेल्या माणसांवर सगळी पेठ जगायची. भांडीवाले, कापडवाले, खानावळी आणि आमचं चहाचं हॉटेल. आता एस्टी फाट्यावरूनच वळायची. माझे यजमान सवयीने सकाळी मोठं पातेलं भरून चहा टाकत आणि संध्याकाळी उरलेला मोरीत ओतत. मी म्हणायचे, लहान पातेलं घ्या. ते ऐकत नसत. लहान पातेलं घेतलं की हरल्यासारखं वाटतं, असं ते एकदा म्हणाले.

खालच्या अंगाला, नदीकाठीच, एक गाव होतं. पुलामुळे त्यांचीही नाव बंद पडली होती. पण हिवाळ्यात दर रविवारी जळगावची माणसं तिथे भरीत खायला जातात, असं कानावर येऊ लागलं. यजमान म्हणाले, "ते गाव आपल्यासारखंच मेलं होतं. जाऊन बघू या तरी."

पेठेत हसले लोक. दुसऱ्याच्या गावाला शिकायला कुठे जातात का! शेवटी आम्ही चौघं गेलो. आम्ही दोघं, शेजारचा किराणा दुकानदार आणि नाव चालवणारे म्हातारे नाना.

तिथे जीपगाड्या आणि स्कूटर गावाबाहेर लिंबाखाली थांबत. पुढे डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलींमधून, वाळू तुडवत पायी घाटावर जायचं. घाटावर बायका कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत होत्या आणि पाहुणे सतरंज्यांवर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खात होते. सगळ्या बायकांची म्होरकी एक अक्का होती, साठीची, आवाजाने करडी. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर तिने हात धुतले आणि म्हणाली, "या, बठा. बठ्ठं दखाडस."

खरंच तिने सगळं दाखवलं. चुली कुठे मांडायच्या, काड्या किती आधी साठवायच्या, पाहुण्यांच्या पोरांना नावेतून कसं फिरवायचं. निघताना भरताच्या वांग्याचं बी माझ्या पदरात बांधून दिलं. मी न राहवून विचारलं, "अक्का, तुमची गिऱ्हाइकं आमच्याकडे आली तर?"

ती हसली. "जळगावमां मानसं काय कमी शेत का, माय?" जळगावात माणसं काय कमी आहेत का!

त्या हिवाळ्यात आम्ही घाट धुऊन काढला. किराणा दुकानदार गुडघाभर चिखलात उतरून पायऱ्यांवरचा गाळ उपसत होता. नानांनी नावेला नवं डांबर फासलं. पुऱ्या लाटायला माझ्या जोडीला नानांची सून आली. अंगाने काटकुळी, पण हात विजेसारखा चालायचा. मला वहिनी म्हणायची. वांगी धुवायला ती नदीतच उतरायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, आणि तिथूनच काठावरच्या पाहुण्यांच्या नकला करून मला हसवायची. मी लग्नानंतर एवढी कधी हसले नव्हते.

पहिल्या रविवारी दोन कुटुंबं आली. संक्रांतीपर्यंत सतरंज्या पुरेनात. बंद पडलेल्या खानावळीची फळी निघाली. एक कासार पुन्हा बांगड्या घेऊन बसायला लागला. मोठं पातेलं दुपारीच रिकामं व्हायला लागलं.

फक्त एक तक्रार सगळ्यांची असे. गाडी गावात सोडून चालत यावं लागतं, उतार काट्याकुट्याचा आहे, म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. घाटापर्यंत रस्ता हवा, असं गावाने ठरवलं. यजमानांनी त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. दोन हिवाळे गेले आणि रस्ता मंजूर झाला. खडी पडली, रोलर फिरला, तेव्हा नाना रस्त्यावर अनवाणी चालत नदीपर्यंत गेले आणि परत आले. "गाव जित्तं व्हयनं," म्हणाले. गाव जिवंत झालं.

उन्हाळा लागला आणि त्या रस्त्याने पहिला ट्रक नदीत उतरला.

जळगावात तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि वाळू हवी होती. आधी एक ट्रक, मग रांग. पुढे गावातल्याच लोकांनी ट्रॅक्टर घेतले. पहिला घेतला तो आमच्या किराणा दुकानदाराने. यजमान त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तू हा घाट आमच्याबरोबर धुतलास," ते म्हणाले. "नदीच नेलीस तर लोक येतील कशाला?"

तो ओरडला नाही. खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमचं भरीत चार महिने. माझं पोट बारा महिने आहे. आणि मी नाही नेली तर दुसरा नेईलच."

यजमान परत आले आणि हॉटेलच्या बाकावर बसून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या काठावर डांगराच्या वाड्या नव्हत्या, कारण वाळूच नव्हती. पाहुणे आले, धूळ आणि ट्रक बघून तासाभरात उठले. तरी आम्ही चुली पेटवत होतो. एका रविवारी सकाळी नानांची सून नेहमीसारखी वांग्यांची पाटी घेऊन पाण्यात उतरली. रोजचीच जागा. मी काठावर पीठ मळत होते. ती काहीतरी बोलत होती, माझ्याकडे वळून, आणि बोलता बोलता खाली गेली. मला वाटलं, थट्टा करतेय. पाण्यावर नुसती हिरवी वांगी तरंगायला लागली, तेव्हा मी किंचाळले.

रात्री यंत्राने उपसलेला खड्डा होता तो. वरून पाणी सारखंच दिसत होतं. नानांनी नाव घातली, बुड्या मारल्या. त्यांनीच तिला वर काढलं.

पाय घसरून पडली, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. गावाने मान्य केलं. कोणाच्या ना कोणाच्या घरातलं माणूस ट्रॅक्टरवर होतंच. तेराव्यापर्यंत घाट शांत राहिला. नंतर पुन्हा ट्रकचे आवाज सुरू झाले.

खालच्या गावची अक्का भेटायला आली. नानांजवळ बसली, माझ्याजवळ बसली. जाताना त्या रस्त्यावर उभी राहून नदीतले खड्डे बघत राहिली. मी म्हणाले, "तुम्ही शहाण्या, अक्का. तुम्ही रस्ता खालपर्यंत नेला नाहीत."

"शहान्या कसान्या?" ती म्हणाली. "आम्हीबी मांगा व्हता. मंजूर व्हयना नही." त्यांनीही मागितला होता, मिळाला नाही, एवढंच.

हॉटेल आम्ही विकलंही नाही. घेणारं कोणी नव्हतं. कुलूप लावलं आणि वरणगावला आलो. यजमान तिथे एका खानावळीत पुऱ्या तळायला लागले. गावाचं नाव ते घेत नसत. नानांना आमच्याबरोबर चला म्हटलं होतं, ते आले नाहीत.

एक-दोन वर्षांनी कळलं की खालच्या गावचा रस्ता मंजूर झाला आहे. यजमान खूप दिवसांनी स्वतःहून बोलले. "जाऊन सांगायला पाहिजे." आम्ही दोघं गेलो. लिंबाच्या झाडाखाली खडीचे ढीग पडले होते आणि पोरं त्यावर चढून खेळत होती. अक्काने जेवायला घातलं. यजमानांनी चार-सहा जाणत्या माणसांसमोर सगळं सांगितलं, सुनेचंही सांगितलं. माणसांनी नीट ऐकून घेतलं. मग एक जण आदराने म्हणाला, "भाऊ, तुमचं गाव दुबळं पडलं. आम्ही एकी करून राहू. आणि रस्ता काय आता परत पाठवायचा?"

अक्का आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आली. "सांगी दखस," ती म्हणाली, "पन कोन आयकी?" सांगून बघते, पण ऐकणार कोण.

एस्टीला वेळ होता. ती आमच्याबरोबर उभी राहिली. मागे गावात रोलर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पोरं तो बघायला पळत सुटली.