शेवटच्या पाहुण्याचं तांबूल

माझा भाऊ वादिराज म्हणजे मद्रासेतल्या तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीतला थट्टेचा विषय. विमा कंपनीतला कारकून, चांगला दोन पोरांचा बाप, आणि संध्याकाळी घरी आला की सदरा खुंटीला लावून जमिनीवर पालथा पडून खेळण्यातली आगगाडी चालवायचा. मी त्याची धाकटी बहीण, सुंदरी. नवरा गेल्यावर त्याच्याच घरी येऊन राहिले आणि शाळेत पोरींना हिंदी शिकवू लागले. त्याला मीही काही कमी बोललेले नाही. पण दुसऱ्यानं बोललेलं मला खपायचं नाही, ते आजही खपत नाही.

गाडी घरात आली ती कोलुमुळे. नवरात्रात आमच्या मद्रासेत पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, त्याला कोलु म्हणतात. चाल तमिळ शेजाऱ्यांची, पण आम्ही तंजावरची मराठी माणसं. त्यांच्यात इतक्या पिढ्या काढल्यावर आमचं काय आणि त्यांचं काय, कोण बघतं? पायऱ्यांखाली पोरं वाळू पसरून छोटंसं गाव उभं करतात. दादाच्या धाकट्यानं, व्यंकटनं, हट्ट धरला की आपल्या गावात गाडी पाहिजे. दादानं मूर मार्केटातून चावीचं एक जुनं इंजिन आणलं, दुधाच्या पावडरीचे पत्रे कापून त्याला डबे केले आणि खराट्याच्या काड्यांचं कुंपण घातलं. नवरात्र संपलं, बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत गेल्या, पण गाडी काही उचलली गेली नाही. ती फळ्यांवर चढली आणि बघता बघता बाहेरची खोली तिनं गिळून टाकली. अंबुजावहिनी म्हणायची, यांनी सवत आणली असती तर तिनं निदान भांडी तरी घासली असती.

कावेरीवरचा पूल झाला, तंजावर झालं, कुंभकोणम् झालं. शेवटच्या स्टेशनाची पाटी व्यंकटनं स्वतः रंगवली, वाकड्यातिकड्या अक्षरांत: व्यंकटपुरम्. पुलाच्या पुढच्या वळणावर इंजिन हमखास कलंडायचं. तिथे बाहेरच्या रुळाला बोट लावून धरायचं, हे व्यंकटचं काम. दादा चावी द्यायचा, पोरगं बोट लावायचं, आणि गाडी सुखरूप व्यंकटपुरम्‌ला पोचली की दोघं एकमेकांकडे असे बघायचे जणू यांनीच खरी रेल्वे बांधली.

व्यंकटची आणखी एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोलु बघायला आलेल्या बायकांना निघताना आम्ही तांबूल देतो. पान, सुपारी, हळकुंड, केळं, जमलं तर नारळ. बायका रांगेनं उभ्या राहायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी आमचे हे चिरंजीव, दोन्ही तळहात पुढे करून, चेहरा अगदी गंभीर, कुणी लांबचे सोयरे आल्यासारखे. वहिनी त्याच्या हातावर चापट मारायची आणि म्हणायची, ‘चल हो तिकडं. घरच्याला कुणी तांबूल देतं का? तू काय पाहुणा आहेस?’ एवढंच ऐकायचं असायचं त्याला. खिदळत पळून जायचा. नवरात्राच्या नऊही संध्याकाळी हेच नाटक, आणि वहिनीलाही ते हवं असायचं, खोटं कशाला बोलू.

तो आठ वर्षांचा होता तेव्हा आमच्या मोठ्या भावानं, पद्मनाभअण्णानं, त्याला दत्तक मागितलं. अण्णाला मूल नव्हतं. आमचे वडील लवकर गेले, अण्णानंच दादाला आणि मला वाढवलं, शिकवलं. त्यानं आजवर कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. दादाला ‘नाही’ म्हणता आलं नाही. थोरला सुब्बा होता ना, असं सगळे म्हणाले, जणू दुसरा डोळा आहे म्हणून एक काढून द्यावा. भटजींनी दादाच्या हातावर पाणी सोडलं आणि पोर उचलून अण्णाच्या मांडीवर बसवलं. नाव बदललं, राजगोपाल झालं. इकडे आमच्या भागात नावाआधी बापाच्या नावाचं अक्षर लावतात, तसा व्ही. व्यंकटचा पी. राजगोपाल झाला. अण्णाची बायको महालक्ष्मी वाईट नव्हती, पण तिनं हात जोडून एक अट घातली, की पोर आमचं होईपर्यंत तुम्ही भेटू नका, ते दोन्हीकडे ओढलं जाईल. पुढे अण्णाची बदली कलकत्त्याला झाली आणि ‘होईपर्यंत’ची बारा वर्षं झाली.

त्या बारा वर्षांत दादानं गाडी थांबवली नाही. वळणावर आता तो स्वतःच धावत जाऊन बोट लावायचा, आणि बहुतेक वेळा पोचायचा नाही. वहिनी त्या खोलीत पाऊल ठेवायची नाही म्हणायची, पण व्यंकटपुरम्‌च्या पाटीवर कधी धूळ दिसली नाही. मी तर पुसत नव्हते.

बासष्टच्या डिसेंबरात एग्मोरच्या एका सभागृहात अशाच गाडीवेड्यांचं संमेलन भरलं. देशभरातून माणसं येणार होती. दादा लग्नातला कोट घालून, इंजिन टॉवेलात गुंडाळून गेला. मी म्हटलं, जा बाबा, तुझ्यासारखे आणखी आहेत हे बघून तरी बरं वाटेल. संध्याकाळी परत आला तो ओटीवरच बसून राहिला. मग त्यानं सांगितलं. सभागृहात कुणाकुणाची जर्मन इंजिनं होती, विजेवर चालणारी, तो एक टेबल सोडून दुसऱ्या टेबलाशी बघत फिरत होता, आणि समोर एक उंच मुलगा. कोटावर नावाचा बिल्ला: पी. राजगोपाल, कलकत्ता. मुलानं हात जोडले. दादानंही जोडले. तेवढ्यात व्यासपीठावरून विचारलं गेलं, की रविवारी सगळ्यांना बसमधून घरोघरच्या गाड्या दाखवायला न्यायचं आहे, कोण आपलं घर उघडेल? माझा दादा, जो ऑफिसात रजा मागतानासुद्धा घाम पुसतो, त्यानं तिथे हात वर केला.

त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पोरानं एकदा ‘बाबा’ म्हणावं. जास्त नाही, एकदा. जेवायला थांबवून घेईन म्हणाला, केळीचं एक पान जास्त आणून ठेवलं. वहिनी मात्र रविवारी सकाळी दारात रांगोळी घालताना मला म्हणाली, ‘सुंदरी, हातावर पाणी सोडून दिलेलं दान असतं ते. त्याच्याकडे मी आई म्हणून बघितलं तर महालक्ष्मीचं पाप लागेल मला. पाहुण्यासारखा आला तर पाहुण्यासारखं करीन.’ आणि सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची कोरडी उसळ, मार्गशीर्षात कुणी करत नाही, ते तिनं खोबरं घालून केलं, कारण व्यंकटला आवडायचं.

बस गल्लीत शिरेना. पंधराएक माणसं देवळाच्या तळ्यापासून चालत आली, दोन साहेब, एक म्हातारा निवृत्त ड्रायव्हर, काही ऑफिसर, आणि त्यांच्या मागे तो. आजवर हसणारी सगळी गल्ली दारात येऊन उभी. त्याची उंची दादाची, कान आमच्या वडिलांचे. बाकीच्यांनी बूट दारात काढले. त्यानं सरळ जिन्याखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले, जिथे लहानपणी ठेवायचा.

दादा इंग्रजीत सगळं समजावत होता. एका ऑफिसरनं पाटी बघून विचारलं, हे व्यंकटपुरम् कुठल्या मार्गावर आहे, कधी ऐकलं नाही. दादा थांबला. म्हणाला, छोटं स्टेशन आहे, सध्या तिकडं गाड्या जात नाहीत. मग त्यानं चावी दिली. इंजिन तंजावरहून निघालं, पुलावर चढलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या गर्दीतून दादा वळणापर्यंत पोचूच शकत नाही. इंजिन कलायला लागलं, आणि मागून एक लांब हात पुढे आला. बोट बाहेरच्या रुळाला टेकलं, अगदी त्याच जागी. गाडी निघून गेली, व्यंकटपुरम्‌ला जाऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय ठाऊक. दादानं चष्मा काढला आणि पुसत बसला, पुसत बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात वहिनीला चिमटा काढला, बघ म्हटलं. तिनं मान वर केली नाही.

कॉफी झाली. त्यानं सुंडल खाल्लं, द्रोणाच्या तळाचं खोबरं बोटानं पुसून खाल्लं. मला विचारलं, ‘आत्या, तुमची शाळा तीच का अजून?’ मी त्याची तेव्हाही आत्या, आताही आत्या. दत्तकानं माझं काहीच गेलं नव्हतं. पण दादा-वहिनीला तो काय म्हणणार? तो त्यांना काहीच म्हणत नव्हता, नुसता मध्येमध्ये बघत होता. आता हा जेवायला थांबणार असं मला वाटलं, दादाही तसंच समजला होता, मला दिसत होतं.

निघायची वेळ झाली. वहिनी तांबुलाचं ताट घेऊन दारात उभी राहिली. एकेक जण नारळ घेऊन, मान लववून बाहेर पडत होता. त्यानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. म्हाताऱ्या ड्रायव्हरलासुद्धा वाट दिली. मग तो रांगेच्या अगदी शेवटी येऊन उभा राहिला आणि दोन्ही तळहात पुढे केले. चेहरा अगदी गंभीर. फक्त ओठाचा एक कोपरा हलत होता.

मी पाहिलं. मला कळलं. पण वहिनीची नजर खालीच होती. सकाळपासून तिनं ती तशीच बांधून ठेवली होती. तिला फक्त पुढे आलेले दोन हात दिसले. तिनं त्यांत पान ठेवलं, सुपारी ठेवली, नारळ नीट बसवला, एक पाऊल मागे सरकली आणि नमस्कार केला.

तो नारळाकडे बघत राहिला. ओठाचा कोपरा जागच्या जागी आला. मग त्यानं खाली वाकून दोघांना नमस्कार केला आणि म्हणाला, ‘येतो, चित्ती. येतो, चित्तप्पा.’ आमच्याकडे काका-काकूला तमिळमध्ये असंच म्हणतात. त्याचं काहीएक चुकलं नव्हतं. जिन्याखालून बूट घेतले आणि गेला. दादानं जेवायला थांब म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आम्ही कप गोळा करत होतो. वहिनी मोरीशी बसली, दोन कप घासले, आणि हात थांबवून मला विचारलं, ‘तो शेवटी का उभा राहिला गं? पुढे होता की आधी.’

माझं तोंड कधी बंद नसतं, सगळी गल्ली सांगेल. तेव्हा मात्र एक शब्द निघेना. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या हातातला कप मोरीत पडला. बाहेरच्या खोलीत दादानं तिचा प्रश्न ऐकला असावा, आणि त्यालाही कळलं असावं. तो उठला आणि चपला न घालता, सदरा खुंटीलाच ठेवून, उघडाच गल्लीतून पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, तळ्यापर्यंत पळत गेला.

बस गेली होती. परत आला तेव्हा पायाला खडा लागून रक्त येत होतं. वहिनीनं पानं मांडली, आणलेली होती तेवढी सगळी, भात वाढला, आणि त्या जास्तीच्या पानासमोर भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली.

‘एक चापट मागायला आला होता हो तो,’ ती दादाला म्हणाली. ‘आणि मी त्याच्या हातात नारळ दिला.’