दव येतं कुठून

रुपालीला लहानपणी वाटायचं, दव चंद्रावरून पडतं. वाशीमकडच्या तिच्या गावात सकाळी हरभऱ्यातून चालताना पाय भिजायचे आणि ती चालता चालता वर बघत राहायची. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "परीक्षेत येत नाही ते."

पुढे लग्न होऊन ती पुण्यात आली, धायरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. शिकवताना मध्येच खिडकीबाहेर हरवायची. मुलांनी तिचं नाव ‘ढगातल्या मॅडम’ ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

एका थंडीत तिने आठवीच्या वर्गाला सांगितलं, "आता काही दिवस धडा नाही. तुमचाच एक प्रश्न घ्यायचा आणि त्याच्या मागे लागायचं."

संस्कृतीने हात वर केला. धायरीतल्या जुन्या शेतकरी घरातली, शब्दाला शब्द देणारी पोर. "मॅडम, दव येतं कुठून?"

रुपालीच्या अंगावर काटा आला. उत्तर जिभेवर होतं, पण तिने ते गिळलं.

संध्याकाळी मुलांनी शाळेच्या गच्चीवर दोन सारखी ताटं ठेवली. एक उघड्यावर, दुसऱ्यावर उघडलेली छत्री, जरा उंच बांधलेली. मुख्याध्यापक रंगनाथ सर जिन्यातून डोकावले. "मॅडम, पाणीच हवं असेल तर खाली नळ आहे."

सकाळी सिंहगड धुक्यात बुडाला होता. उघडं ताट ओलं, छत्रीखालचं कोरडं.

"बघा!" संस्कृती ओरडली. "वरूनच पडतं. छत्रीने अडवलं!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. 'चूक' म्हणायला रुपालीचे ओठ हलले होते. ती एवढंच म्हणाली, "ताटांना हात लावून बघितलात?"

उघडं ताट जास्त गार लागलं. मग मुलांची जुंपली. गार म्हणून ओलं, की ओलं म्हणून गार? वर्गातल्या साईने तापमापी आणली. दुसऱ्या दिवशी सगळे अंधारातच आले. उघडं ताट अजून कोरडं होतं, तरी छत्रीखालच्यापेक्षा थंड. दव धरलं ते त्यानंतर, त्यांच्या डोळ्यांसमोर.

पुढच्या सकाळी संस्कृतीने घरून थर्मासमध्ये बर्फ आणला. दोन कोरडे पेले छत्रीखाली ठेवले, एकात बर्फ घातला, दुसरा रिकामा. सगळे भोवती उकिडवे बसले. बर्फाच्या पेल्यावर बाहेरून आधी धूसर पडदा आला, मग बारीक थेंब. रिकामा तसाच राहिला.

"वर छत्री आहे," संस्कृती हळूच म्हणाली. "म्हणजे पडत नाही. हवेतच असतं. गार काही सापडलं की त्यावर बसतं. छत्रीखालचं ताट तेवढं गार झालंच नव्हतं." आणि जरा थांबून, "मी चुकले होते."

हे ती इतक्या आनंदाने म्हणाली की रुपालीला तोंड फिरवावं लागलं.

राहिलेले धडे घाईत उरकावे लागले. मार्क दरवर्षीसारखेच पडले. पण जानेवारीत एकदा रंगनाथ सरांनी तिला फाटकाशी थांबवलं.

"मॅडम, स्कूटर झाडाखाली लावली की सीट कोरडी राहते. का हो?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

सर रागावतील असं तिला वाटलं. पण ते झाडाकडे बघत तसेच उभे राहिले. घंटा झाली तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.