गोल कुणी खाल्ला?

शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीमची मी गोलकीपर होते. सरांनी त्या वर्षी एक नवीनच काढलं होतं. मॅचआधी प्रत्येकीने आपलं ध्येय बोलून दाखवायचं आणि मॅच संपली की रिंगण करून स्वतःची एक चूक सांगायची. दुसरीचं नाव काढायचं नाही.

सकाळी मी तोऱ्यात म्हणाले होते, "आज एकही गोल खाणार नाही." अगदी शेवटी खाल्ला, आणि आम्ही हरलो.

आम्ही रिंगण केलं. द्वारका चौकातल्या ट्रकचे हॉर्न मैदानात ऐकू येत होते. कुणी म्हणाली पास उशिरा दिला, कुणी म्हणाली धावायला कमी पडले. कॅप्टन म्हणाली, "माझं काही चुकलं नाही, सर. गोल कुणी खाल्ला, ते सगळ्यांनी पाहिलंय."

खाल्ला म्हणे! जसा काही मी ताटात वाढून घेतला होता. माझं डोकंच फिरलं. "पुढे ये, पुढे ये" असा बाहेरून घोशा सरांनीच लावला होता. मी पुढे आले आणि बॉल डोक्यावरून आत गेला.

माझी पाळी आली. मी म्हणाले, "आधी तुम्ही सांगा, सर. तुमचं काय चुकलं?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. आता टीममधून काढणार, हे मी धरूनच चालले.

"मी बाहेरून ओरडायला नको होतं," ते म्हणाले. मग त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

"माझं झालं. आता तुझं सांग."