गडग्यापलीकडचा दिवा

कमळा सकाळी डोळे उघडायची ती शेजारणीच्या पडवीवर.

मधे जांभ्याच्या दगडांचा एक गडगा होता, बाईमाणसाच्या छातीइतका उंच. अलीकडे कमळाचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, पलीकडे रुचिराचं. कमळाच्या खिडकीतून आधी गडगा दिसे, मग पलीकडची पडवी, आणि पडवीत दिवा पेटलेला असेल तर त्या दिव्याखाली वाकून आंबे पिळणारी रुचिराची पाठ. ती पाठ दिसली की कमळाच्या अंगातली झोप कोणीतरी ओढून काढल्यासारखी जायची. चूळ न भरताच ती चुलीकडे वळायची. "उठली सटवी," एवढंच पुटपुटायची. तिच्या धंद्याची सुरुवात रोज या दोन शब्दांनी होई.

भाट्याच्या त्या वाडीत आंबापोळी म्हटलं की कमळाचं नाव निघायचं. रायवळ आंब्याचा रस गाळायचा, साखर घालून आटवायचा, तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरायचा आणि कडक उन्हात सुकवायचा. करतात सगळ्याच. पण कमळाची पोळी दाताखाली अडकत नसे आणि घशातून उतरल्यावरही थोडा वेळ जिभेवर राहत असे. ही पोळी ती वाटून टाकायची. मुंबईला निघालेल्या प्रत्येकाच्या पिशवीत तिच्या हातची गुंडाळी जायची आणि "कमळाची पोळी पोचली" असा निरोप आला की तिचा दिवस बरा जायचा. ती विकायची असते हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ते आलं रुचिराच्या डोक्यात. ही वेळणेश्वराकडची मुलगी, भावेशशी लग्न करून शेजारी आली. भावेश मुंबईत नोकरीला, घरात ही आणि सासू. पहिल्याच उन्हाळ्यात गडग्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "वहिनी, मला शिकवाल?" कमळाने शिकवलं. रस किती आटला की थांबायचं, ताटावर तो कसा फिरवायचा, वर कोणती साडी झाकायची, सगळं. शिकवताना कमळा खूष होती. आपल्याला येतं ते कोणीतरी मागतंय याचं सुख असतं.

पुढच्या उन्हाळ्यात स्टँडजवळच्या दुकानात रुचिराच्या नावाची पाकिटं लागली. वर चिकटवलेल्या कागदावर नऊवारीतली, चष्मा लावलेली एक म्हातारी, आणि खाली अक्षरं: आजीच्या हातची चव.

वाडीतली विमला ते पाकीट नाचवतच कमळाकडे आली. "काय गो कमळा, तुझो फोटो छापलान! तिला आजी खयची? वेळणेश्वराची आजी म्हणे आंब्याला हात लावीत नव्हती. म्हणजे ही आजी तूच!"

"माझे केस बघ आधी," कमळा म्हणाली. "एक पांढरा दाखव."

विमला हसत निघून गेली. कमळा त्या म्हातारीकडे बघत बसली. रागही धड येत नव्हता. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात बघावी आणि तिथेच ती जास्त शोभावी, तसं काहीतरी होतं. त्या दिवशी तिच्या छातीत पहिल्यांदा जळजळ झाली.

तिने त्याला पित्त म्हटलं. नवऱ्यानेही पित्तच म्हटलं. गुणाजी नारळाच्या संशोधन केंद्रात माळीकाम करायचा, बोलायला कमी आणि बघायला जास्त. संध्याकाळी आला की न विचारता आमसुलं पाण्यात कुस्करून भांडं तिच्यापुढे ठेवायचा. ती गटागटा प्यायची. जळजळ तेवढ्यापुरती बसायची आणि गडग्यापलीकडून ताटांचा आवाज आला की पुन्हा उठायची.

मग कमळाने स्वतःच विकायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, एका सकाळी दिवा दिसला आणि तिने चूल पेटवली. रुचिराचं तसं नव्हतं. तिने थंडीतच आतल्या गावांतून रायवळाची झाडं बोलून ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुठल्या आठवड्यात किती माल कोणाकडे जाणार ते लिहिलेलं होतं, पावसाआधी शेवटचं ताट कधी उचलायचं तेही. मोबाइलवर एक बाई रोज सांगायची की धंदा करताना मन खचू द्यायचं नाही, आरशासमोर उभं राहून स्वतःलाच शाबासकी द्यायची. रुचिरा देते शाबासकी, ही बातमीही विमलानेच आणली. कमळा पोट धरून हसली. तिला आरसा लागत नव्हता. तिच्याकडे गडगा होता. रुचिराने जेवढी ताटं मांडली त्याहून एक जास्त मांडायचं, हे तिचं सगळं नियोजन.

आणि ते चाललं. एप्रिलभर कमळाचे हात थांबले नाहीत. पोळी तिची, तेव्हा चवीचा प्रश्न नव्हता. तिने गुणाजीकडून दुकानात माल पाठवला. दुकानदाराने चाखून मान डोलावली आणि म्हणाला, "ठेवा. रुचिराताईंची संपली की लोकांना काहीतरी द्यायला हवंच."

गुणाजी हे सांगून गेला आणि मग त्याला कळलं, की सांगायला नको होतं. त्या संध्याकाळी त्याने आमसुलं जरा जास्तच कुस्करली.

मे महिन्यातल्या एका दुपारी कमळा गडग्याजवळ साडी वाळत घालत होती. पलीकडे रुचिराची धांदल चालली होती. मुंबईला जाणारा टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आणि रुचिरा उन्हातून ताट उचलून आणतेय, पोळी सोडवतेय, गुंडाळतेय, प्लास्टिकच्या पिशवीत सारून तोंड चिकटवतेय. पोळी ऊन होती. रुचिरा गुंडाळताना बोटांवर फुंकर मारत होती, इतकी ऊन.

निवू दे गो आधी, हे शब्द कमळाच्या जिभेपर्यंत आले. ऊन पोळी पिशवीत कोंडली की घाम धरते आणि घाम धरला की चार दिवसांत पांढरी बुरशी. शिकवताना हे सांगायचं राहिलं होतं, कारण कमळाने पोळी कधी पिशवीत कोंडलीच नव्हती. तिची कायम केळीच्या पानात नाहीतर डब्यात. पण ते तिला माहीत होतं. तोंड उघडलेलंही होतं. तेवढ्यात रुचिराने वर बघितलं आणि घाम पुसत हसली. "बघा ना वहिनी, माल पुरा पडत नाय!"

कमळाने तोंड मिटलं. साडीचं टोक दगडाखाली दाबलं आणि घरात गेली. आमसुलाचं पाणी स्वतःच करून प्यायली.

मुंबईला गेलेल्या पेट्या परत आल्या. सगळ्या. दुकानातलीही पाकिटं उतरवली गेली. रुचिराची सासू खळ्यात पाय पसरून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक पोळी उलगडून बुरशी दाखवू लागली, सुनेचं कौतुक करायचं तिचं राहून गेलं होतं ते असं उलट्या बाजूने भरून काढत.

दुसऱ्या सकाळी गडग्यापलीकडे दिवा नव्हता.

कमळाने कूस बदलली आणि कित्येक दिवसांनी उन्हं येईपर्यंत झोपली. भाताची दोन वाढणी घेतली. जळजळ नव्हती. गुणाजीने भांडं पुढे केलं तर म्हणाली, "नको. बरं वाटतंय."

त्यानंतरच्या सकाळीही दिवा नव्हता. कमळा जागी होती, पण उठली नाही. उठायचं कशाला ते आठवेना. दुपारी टोपात गाळून ठेवलेल्या रसाला फेस आला, तो तिने नारळाच्या बुंध्याशी ओतला. कोपऱ्यात रायवळाच्या पाट्यांवर चिलटं घोंघावू लागली. दुकानदाराचा निरोप आला, आता तुमचीच पोळी पाठवा, जेवढी असेल तेवढी. हा निरोप ऐकण्यासाठी तिने महिनाभर अंग मोडून घेतलं होतं. तिने तो ऐकला आणि जात्याजवळ बसून राहिली. दुकानातली फळी आता तिचीच होती. पण रिकाम्या फळीवर एकटं बसायचं तर बघणार कोण?

"जळजळ थांबली वाटतं," गुणाजी म्हणाला.

"थांबली."

"मग हातपाय का थांबले गो?"

तिच्या आत इतके दिवस काय जळत होतं आणि त्याच्यावर काय शिजत होतं, हे तिला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं. दिसलं ते आवडलं नाही. अशीच आणखी चार दिवस बसली तर पाऊस येणार, आंबा संपणार आणि कमळाचा धंदा नीट उभा राहायच्या आधीच वाडीत हसण्यावारी जाणार.

तिन्हीसांजेला रुचिरा आली. डोळे सुजलेले, हातात मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या.

"वहिनी, माझी दृष्ट काढा."

वाडीत दृष्ट काढायला कमळाच. तान्ही मुलं, नवरीमुली, नवी गाई, सगळी तिच्याकडे यायची. पण आज तिचा हात पुढे होईना.

"दृष्ट कसली गो?"

"विमलाकाकी म्हणते, कोणाची तरी वाईट नजर पडली. एवढा चांगला चाललेला धंदा असा बसतो काय?" रुचिरा ओटीवर बसली. "दृष्ट आहे की नाय ते एकदा कळू दे. मग मी मोकळी. ताटं, शेगडी सगळं तुम्हाला देऊन टाकते. तुमच्या तरी कामाला येईल."

ताटं. रुचिराची ती मोठी, चकचकीत ताटं, ज्यांच्याकडे बघून कमळाने अख्खा एप्रिल काढला होता. ती फुकट येत होती, आणि कमळाला ती नको होती.

चुलीतले निखारे तिने फुटक्या तव्यात घालून ओटीवर आणले. दृष्टीची परीक्षा मिरचीच करते. ओवाळून निखाऱ्यावर टाकलेल्या मिरच्यांचा ठसका आला तर दृष्ट नाही. आणि मिरच्या जळूनही घसा खवखवला नाही तर नजर लागलेली, आणि ती जबर. कमळाने कितीदा तरी हे दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्या मिरच्यांची भीती वाटली.

ती ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, वाटेवरची, पाण्यावरची, कावळ्याची, कुत्र्याची..." आणि पुढचे शब्द तिने इतक्या घाईने गिळले की रुचिराने मान वर केली. "शेजाऱ्यापाजाऱ्याची राहिली काय?"

"म्हटली. गप बस."

ओवाळता ओवाळता कमळाने मुठीत मिरच्या मोडल्या. एकेक करून, हळूच. अख्खी मिरची कधी कधी गुमान जळते. मोडलेलीचं बी निखाऱ्यावर पडलं की घर सोडायची पाळी येते. तिने मूठ उघडली.

ठसका असा उठला की दोघी उठून उभ्या राहिल्या. रुचिरा खोकत खांबाला टेकली, कमळा पदर तोंडात कोंबून खळ्यापर्यंत पळाली. विहिरीकडून येणारा गुणाजी तिथूनच ओरडला, "अगो, काय माणसं मारायची काय?"

खोकला ओसरल्यावर कमळा सुटल्यासारखी हसली. "बघ! नजरबिजर काय नाय."

रुचिरा हसली नाही. तिचा चेहरा उलट आणखी उतरला. "म्हणजे माझंच चुकलं," ती म्हणाली. "दृष्ट असती तर बरं झालं असतं ओ. काढून टाकता आली असती. माझ्या हातालाच यश नाय म्हणजे. सासूबाई बोलतात तेच खरं. उद्याच आणून देते ताटं."

ती निघाली. निखाऱ्यावर मिरचीचं एक बी अजून तडतडत होतं. कमळाला वाटलं, आपण गप्प राहिलो तर ही पायरी उतरेल, आणि मग त्या पडवीत कधीच दिवा लागणार नाही, आणि आपण ही खिडकी उघडून बघायचं काय?

"ऊन पोळी भरलीस," ती म्हणाली.

रुचिरा थांबली.

"निवायच्या आधी पिशवीत कोंडलीस. घाम धरलान. हाताला काय झालं नाय तुझ्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं."

"बुरशी बघून?"

कमळाला हो म्हणता आलं असतं. "भरताना," ती म्हणाली. "टेम्पो उभा होता तेव्हा. मी गडग्याला होते."

रुचिरा बघत राहिली. तिन्हीसांजेच्या उजेडात तिचे सुजलेले डोळे हळूहळू कोरडे आणि बारीक झाले. ओटीवर आली होती ती बाई कुठेतरी गेली आणि दुसरीच उभी राहिली.

"बघितलंत. आणि बोललात नाय."

"नाय."

"मी हसले तुमच्याकडे बघून."

"म्हणूनच."

रुचिराने पदर खोचला. "ताटं देणार नाय मी," ती म्हणाली. "एक वाटीसुद्धा देणार नाय. आणि ती आजी काढून टाकते आता कागदावरची. कोणाची उसनी चव नको मला." तिने चपला पायात सारल्या, एक उलटी गेली तशीच, आणि गडग्याला वळसा घालून आपल्या खळ्यात शिरली. भांड्यांचा आवाज आला, मुद्दाम केलेला.

कमळाला त्या रात्री झोप लागली की नाही ते तिलाच कळलं नाही. उजाडायच्या बरंच आधी खिडकीच्या गजांवर पिवळा उजेड पडला. दिवा. इतक्या लवकर तो कधीच पेटला नव्हता. कमळा उठून बसली. पलीकडे रुचिरा आंबे पिळत होती, पण या वेळी तिची पाठ नव्हती दिसत. बसायची जागा बदलून ती गडग्याकडे तोंड करून बसली होती आणि मधूनमधून मान उचलून थेट याच खिडकीकडे बघत होती. पडवीत पंखा आणून ठेवलेला होता, पोळ्या निववायला.

कमळाच्या छातीत एकदम पेटलं, पहिल्यापेक्षा जास्त, घशापर्यंत.

"उठली सटवी," ती म्हणाली, आणि अंगावरचं पांघरूण भिरकावलं.

गुणाजी अंधारातच जागा झाला. थोडा वेळ तिच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहिला. "आमसुलाचं पाणी करू?"

"करा. पण आधी चूल पेटवा," कमळा म्हणाली. ती तोवर ताटं खाली उतरवत होती.